टँकरच्या टायमाची गोळी

मेडिकलच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढली की कपाटात औषधं मावत नाहीत आणि डोक्यात किस्से. औषधांवर निदान तारीख तरी असते, ती उलटली की परत पाठवता येतात. किस्से परत घ्यायला कुणी येत नाही. त्यातून माझे बरेचसे किस्से माझ्याच फजितीचे. ते मी नाही सांगितले तर गावातले लोक मीठमसाला लावून सांगतात, म्हणून म्हटलं आपणच सांगून मोकळं व्हावं.

आमचं मेडिकल युसूफ वडगावजवळच्या एका खेड्यात, गावच्या सहकारी सोसायटीचं. एकाच शेडमध्ये डाव्या हाताला खताचं गोडाऊन, उजव्या हाताला मी. म्हणजे माझ्या काउंटरवर एखादी बाई काही मागायला आली, की शेजारी युरियाच्या रांगेतली तीस-चाळीस माणसं आयती ऐकायला हजर. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

०००

दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरी आटलेल्या, वस्तीवर टँकर सुरू झालेला. एके दिवशी रुक्मिण आली. कडेवर चार महिन्यांचं तान्हं, घरी दोन मुली. नवरा-बायको दोघं दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. तिने केजच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमची चिठ्ठी पुढे केली. पाळणा लांबवायची गोळी होती.

मी पाकीट काढलं. त्यात अठ्ठावीस गोळ्या. मला जुनं पाकीट माहीत होतं, त्यात एकवीस औषधाच्या आणि शेवटच्या सात लोहाच्या असायच्या. मी डी.फार्मसी पास माणूस, कागद कशाला वाचतो? मी ऐटीत सांगितलं, "शेवटच्या सात नुसत्या लोहाच्या असतात. चुकल्या तरी चालतंय."

मागे आमच्या गावच्या आशा सेविका उभ्या होत्या, मीराताई. त्यांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि परत माझ्यासमोर ठेवलं.

"शिवाभाऊ, यातली एकबी लोहाची न्हाई. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस औषधाच्या हायेत. तुमाला वाचता येतंय न?"

मग त्यांनी रुक्मिणीला समजावलं. मी बिल करतोय असं दाखवून सगळं ऐकत होतो. ही गोळी एकाच हार्मोनची, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते, दूध आटत नाही. रोज ठरल्या वेळेला एक घ्यायची. एक पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवं फोडायचं, मध्ये एक दिवसही सुट्टी नाही.

रुक्मिणीने पाकीट पदराच्या गाठीत बांधलं. जाताना मीराताईंना ती जे म्हणाली ते मी अजून विसरलो नाही. "टोळीतल्या समद्या बायांनी गर्भपिशवी काढली, ताई. सासूबाई म्हनत्यात तूबी काढ, म्हंजी कटकट न्हाई. मला न्हाई काढायची. अन् आवंदा पोटबी न्हाई पायजे."

बाई चोविशीची. त्या दिवशी संध्याकाळी मी सोसायटीच्या चेअरमनआबांचं भिंग मागून आणलं आणि पाकिटातला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच.

०००

आता गोळी द्यायची कशी, हा प्रश्न होता. बाकीची औषधं मी खाकी पाकिटात देतो. पण ही गोळी रांगेतल्या माणसांना दिसू नये म्हणून मी ती वर्तमानपत्रात गुंडाळायला लागलो. तीन पानं आणि वरून दोरा. आपल्या हुशारीवर मी खूश होतो.

पंधरा दिवसांत गावातल्या पोरासोरांनाही माहीत झालं, की शिवाभाऊच्या दुकानातून पेपरचं पुडकं घेऊन निघालेली बाई कशाची गोळी घेऊन निघाली आहे. रांगेतली माणसं तर पुडक्याच्या आकारावरून किती महिन्यांचा स्टॉक आहे तेही सांगायला लागली.

मग मी डोकं चालवलं. सगळ्यांनाच पेपरात बांधून द्यायचं, म्हणजे कळणारच नाही कुणाचं काय ते. पहिलं गिऱ्हाईक आलं गयाबाई. वय सत्तरच्या पुढे, गुडघेदुखीच्या गोळ्या. मी पुडकं बांधून दिलं. दहा मिनिटांत बाई परत आली. तिच्या मागून पारावरचं हसू अजून ऐकू येत होतं.

तिने पुडकं काउंटरवर ठेवलं. "माझ्या गोळ्या उघड्या दे, बाबा. म्हातारा वर जाऊन बारा वर्सं झाली. हाय ती इज्जत ऱ्हाऊ दे."

०००

पुढची अडचण वेळेची. रुक्मिणीकडे घड्याळ नाही, मोबाईल नवऱ्याच्या खिशात. तोवर वस्तीवरच्या आणखी पाच बायकांनी मॅडमला दाखवून हीच गोळी सुरू केली होती. त्या सगळ्या मला विचारायला लागल्या, की ठरली वेळ धरायची तरी कशी?

मला काय सुचलं असेल? वस्तीवर रोज सकाळी दहाला पाण्याचा टँकर यायचा. सगळ्या बायका हंडे घेऊन एकाच जागी. म्हटलं झकास! टँकर आला की गोळी तोंडात, वरून टँकरचंच पाणी. मी सहाही जणींना तसं सांगून टाकलं. त्या दिवशी जेवताना बायकोलाही हे कौतुकाने सांगितलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं कौतुकच करते आहे.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी टँकर दुपारी तीनला आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आलाच नाही, डिझेल नव्हतं म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा बायका रिकामे हंडे घेऊन थेट माझ्या दुकानात. रांगेतल्या माणसांना वाटलं पाण्यासाठी मोर्चा निघाला. दोघं जण रांग सोडून घोषणा द्यायला पुढेही आले.

रुक्मिण म्हणाली, "भाऊ, काल टँकर न्हाई आला. मंग गोळीबी न्हाई घेतली. आज दोन घ्यायच्या का?"

मी भिंग शोधायला लागलो. तेवढ्यात मीराताई आल्या आणि त्यांनी सगळ्यांदेखत माझी हजेरी घेतली. या पाकिटाला बारा तासांची मुभा होती, काही पाकिटांना तीनच तासांची असते. बारा तास उलटले म्हणजे गोळी चुकली. चुकलेली आठवली की लगेच घ्यायची, पुढची नेहमीच्या वेळेला, आणि कागदावर लिहिलेत तितके दिवस नवऱ्याने निरोध वापरायचा. हे सांगून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "सरकारी टँकरच्या भरवशावर शेती न्हाई करत कुणी. तुमी संसार ठेवला व्हय?"

मग घरोघरी नवऱ्यांच्या मोबाईलवर गजर लावून दिले. मोबाईलला गजर असतो, हे रोज त्याच गजराने उठणाऱ्या मला सुचलं नव्हतं.

०००

नवऱ्यांना समजावायचं काम मीराताईंनी माझ्यावर टाकलं. "बाप्यांचं बाप्यांनी बघा," म्हणाल्या.

रुक्मिणीचा नवरा बाळू आला. भला माणूस. मी म्हटलं, बस. तो बसला. मी म्हटलं, पाऊस काही पडत नाही. तो म्हणाला, न्हाई पडत. मी म्हटलं, चाऱ्याचे हाल आहेत. तो म्हणाला, लई हाल हायेत. असा अर्धा तास गेला. आम्ही दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. शेवटी मी त्याला खोकल्याची बाटली दिली. त्यानेही ती गुमान घेतली.

दुसऱ्या दिवशी मीराताईंनी निरोधचं पाकीट त्याच्या हातात दिलं आणि दोन वाक्यांत काम उरकलं. खोकल्याची बाटली बाळूने पुढच्या आठवड्यात परत आणून दिली. म्हणाला, "फोडली न्हाई. खोकला नव्हताच."

०००

सोसायटीच्या सभेत चेअरमनआबांनी मेडिकलची स्टॉकयादी मागितली. यादी वाचताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी खाली बघून पुटपुटलो. आबांनी चष्मा काढला. "आमी इथं सभासद वाढवायला जिवाचं रान करायलोत, अन् तुमी सभासद कमी करायची गोळी ठेवता व्हय?"

सभा पोट धरून हसली. मीही हसलो, नोकरी होती.

चार दिवसांनी दुपारी रांग नसताना आबा आले. त्यांच्या सुनेला दुसरं बाळ झालेलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, भिंग परत द्या म्हणाले, ते खिशात टाकलं आणि तरी हलेनात. मग हळूच म्हणाले, "शिवाजीराव, ती सभासद कमी करायची... एक पाकीट बांधा."

आता मी कागद वाचलेला माणूस. म्हटलं, आबा, अशी नाही देता येत, आधी सूनबाईंना मॅडमना दाखवा. लिव्हरचा त्रास आहे का, छातीत गाठ आहे का, टीबीचं किंवा फिटचं औषध चालू आहे का, हे सगळं त्या विचारतात. टीबीच्या आणि फिटच्या काही औषधांनी ही गोळी लागू पडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा चेअरमन माझं ऐकत होते, म्हणून मी तेच दोनदा सांगितलं.

०००

आता हसू थोडं बाजूला ठेवतो.

दिवाळीच्या आधी एका सकाळी रुक्मिण आली ती सासूबरोबर. सासूचं नाव शेवंताबाई, टोळीत तिचा शब्द मोडायची कुणाची हिंमत नव्हती. हातात कपड्याचं गाठोडं होतं. रुक्मिणीला महिनाभर मधूनमधून अंगावरून थोडं थोडं लाल जात होतं. टोळीच्या मुकादमाच्या बायकोने सांगितलं, गर्भपिशवी खराब झाली, काढून टाका, ऊसतोडीला जायच्या आत उरकेल. तालुक्याबाहेरच्या एका खाजगी दवाखान्यात जायचं ठरलं होतं. बसला दहा मिनिटं होती. रुक्मिण सासूला म्हणाली होती, डोकं दुखतंय, मेडिकलमधून गोळी घेते.

काउंटरशी येऊन ती पुढे वाकली. मग एवढंच म्हणाली, "भाऊ, त्या कागदावर ह्याचं काई लिवलंय का?"

लिहिलेलं होतं. भिंगाखाली मी ते वाचलेलं होतं. पण रांगेत चाळीस माणसं, सगळी ओळखीची, आणि मी पुडकी बांधणारा माणूस. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मीराताई कुठे आहेत?

मीराताई नव्हत्या. मग मी बोललो. घाबरलो की माझा आवाज चढतो, तो असा चढला की गोडाऊनच्या पत्र्यापर्यंत गेला. "मावशी, ही गोळी चालू केली की सुरुवातीचे काही महिने बायांची पाळी मागंपुढं होते, मधेच अंगावर दिसतं! लई बायांना होतं! त्यासाठी गर्भपिशवी काढत नसतात! आधी केजला मॅडमला दाखवा, त्या तपासून काय ते सांगतील!"

शेवंताबाई माझ्याकडे बघत होती. रुक्मिण जमिनीकडे. मला वाटलं आता धरणी दुभंगावी. तेवढ्यात रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "बरं झालं सांगितलं. आता युरिया कधी यायचाय, तेबी एवढ्याच मोठ्यानं सांगा."

सगळे हसले, शेवंताबाई सोडून. तिने गाठोडं काखेत मारलं आणि सुनेला घेऊन केजच्या बसमध्ये बसली.

मॅडमनी तपासलं. काढण्यासारखं काही नव्हतं, गोळी चालू ठेवा म्हणाल्या. मग त्यांनी शेवंताबाईला विचारलं, तुमची कधी काढली? पुढचं रुक्मिणीने मीराताईंना सांगितलं, ते असं, की सासूबाई म्हणाल्या, "हिच्याएवढीच होते. तवापासनं कंबर न्हाई सरळ झाली माझी." हे ऐकून मला रडू आलं. मी डोळ्यात धूळ गेली म्हणालो.

०००

दिवाळी झाली, टोळी निघाली. मी रुक्मिणीला पाच पाकिटं दिली. बाळू बैलगाडीने ऊस कारखान्यावर न्यायचा आणि मोबाईल त्याच्याबरोबर जायचा, म्हणजे गजर गेला. रुक्मिण म्हणाली, दुपारी चारला कारखान्याचा भोंगा होतो, फडात ऐकू येतो, भोंग्यावर घेईन. टँकरमुळे शहाणा झालेला मी म्हटलं, अगं, भोंगा बंद पडला तर? ती हसली. "भाऊ, भोंगा कारखान्याचा हाय. तुमच्या टँकरचा न्हाई."

पण दुष्काळात ऊस थोडा. महिनाभरातच टोळीला लांबच्या फडात हलवलं. तिथे भोंगा ऐकू येईना. हे मला फोनवर बाळूकडून कळलं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. पुढे फोनही लागेना. रोज दुपारी चार वाजले की मी दुकानातल्या घड्याळाकडे बघायचो, जसं काही मी बघितल्याने तिकडे तिला कळणार होतं.

टोळी गुढीपाडव्याच्या सुमाराला परतली. दुसऱ्याच दिवशी रुक्मिण दुकानात. तान्हं आता काउंटर धरून उभं राहायला लागलं होतं. आवंदा पोट राहिलं नव्हतं, आणि गर्भपिशवी जिथल्या तिथे होती. तिने पाच रिकामी पाकिटं पुढे ठेवली. एकही गोळी शिल्लक नव्हती.

मी विचारलं, भोंगा नव्हता, मग?

"सासूबाईंनी ह्यांच्याकडनं मोबाईल काढून घेतला," रुक्मिण म्हणाली. "बांधावर लेकरू घेऊन बसायच्या. गजर झाला की तिथनंच वरडायच्या, रुक्मे, गोळी! समद्या फडाला ऐकू जायचं. मुकादमबी त्याच्यावर आपलं घड्याळ लावायचा."

तेवढ्यात मागून शेवंताबाई आल्या. रांग नेहमीसारखी भरलेली. त्यांनी काउंटरवर हात आपटला. "शिवा, हिला आनखी सा पाकिटं दे."

मी पाकिटं काढली आणि सवयीने पेपरची तीन पानं पसरली. शेवंताबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग रांगेकडे बघितलं. कमरेची मिश्रीची डबी काढून त्यांनी त्या पेपरवर ठेवली, नीट गुंडाळली, वरून दोरा बांधला आणि कमरेला खोचली. मग सहाही पाकिटं उघडी हातात धरून, सुनेला पुढे घालून, त्या रांगेसमोरून सावकाश चालत गेल्या.