उलटी मोटार आणि लाल चढ

आधीच सांगते… भूत, भानामती, अंगात येणं, यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता. विश्वास ठेवायला वेळ तरी कुठं होता? घर, शेत, आणि वरून ती मोटार! वडील उदगीरला शाळेत शिकवायचे म्हणून चार अक्षरं आली, ती आज हे लिहायला कामाला येतायत. हात दुखतो, तेव्हा पाल्हाळ लावणार नाही.

गोष्ट जर्मनच्या लढाईच्या दिवसांतली. निजामाचं राज्य होतं, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, तेही कधीमधी. आम्ही हळ्ळीखेडला राहायचो. आमच्या ह्यांना सगळा गाव अण्णा म्हणायचा. जवळच्या एका जहागीरदारांनी नवीन मोटार घेतली आणि जुनी गोठ्याच्या मागं टाकून दिली. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. ह्यांनी ती आणली.

काळी, उंच चाकांची, पितळी नाकाची. तोवर हुमनाबादच्या रस्त्यावर काचेच्या खिडक्यांच्या गाड्या धावायला लागल्या होत्या. आमच्या मोटारीला पोरंसुद्धा हसायची. पण ह्यांचा जीव तिच्यात. टप फाटला तर बैलगाडीच्या बांबूच्या कमानी बसवल्या. गादीत आमच्या शेतातला कापूस भरला. हॉर्नचा रबरी फुगा फाटला तर बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली. पडद्यांना कड्या हव्या होत्या, त्या पाळण्याच्या काढल्या. पाळणा रिकामाच राहिला होता, म्हणून मी काही बोलले नाही. पण दोन दिवस जेवलेही नाही.

एकदा मात्र वैतागून विचारलं, "अहो, ह्या भंगारात काय बघायलाव तुम्ही? जग पुढं जायलंय."

"नवीला माझी गरज न्हाई गं," हे म्हणाले. "चावी फिरवली की कुणासंगं बी जाती. हिला मी लागतो."

"आन् मला?"

ह्यावर नुसते हसले. असा राग आला होता मला!

बाजाराच्या दिवशी माणसं आणि त्यांची कापसाची पोती घेऊन बीदरला जायचं, हा ह्यांचा धंदा. वाटेत दोन कोसांवर लाल मातीचा एक चढ होता. तिथं खरी गंमत व्हायची. ह्या मोटारीची पेट्रोलची टाकी सीटखाली, इंजिन पुढं. टाकी अर्धी रिकामी असली आणि नाक वर झालं की पेट्रोल इंजिनपर्यंत पोचायचंच नाही. मग हे चढाच्या पायथ्याशी मोटार वळवायचे आणि उलटी चढवायचे… पाठ वर, तोंड खाली! 'उलटी मोटार' हे नाव त्यामुळंच पडलं.

पण उलटं चढवताना कापसाच्या पोत्यांमुळं मागचं काही दिसायचं नाही. म्हणून वाट सांगायला मी. सगळी माणसं उतरून पायी चढायची, त्यांच्याही पुढं मी, काखेत दगड घेऊन. मोटार मध्येच थांबली की चाकाखाली तो लावायचा. तिथला लाल दगड चाकाखाली भुगा होतो, म्हणून घरचा फुटक्या पाट्याचा काळा तुकडा मी सीटखाली ठेवला होता. "या… या… सरळ या… बाभळीपाशी डावं घ्या… ओघळ हाय, उजवं… या…" घसा कोरडा पडायचा. वर पोचलं की मी पुढच्या चाकाखाली दगड लावायची. मग हे रुमालानं तोंड पुसत नेहमी एकच म्हणायचे, "बस आता. दमलीस." दिवसभरात माझ्याशी एवढंच काय ते गोड बोलणं.

सहा वर्षं मी तो चढ असा चढले.

मग एका सकाळी अंगणात हँडल मारताना हे खाली बसले, ते उठेचनात. हँडल म्हणजे इंजिन चालू करायचा लोखंडी दांडा, पुढं घालून जोरानं फिरवायचा. बीदरचे डॉक्टर म्हणाले, "काळीज कमजोर झालंय. हँडल मारणं बंद, न्हाईतर माणूस बंद." हे पडून राहिले, पण ऐकतील कसले! मी पाण्याला गेले की भिंत धरून मोटारीपाशी जायचे. दोनदा पकडलं.

रात्र रात्र विचार केला. माझ्यापुढं एकच प्रश्न होता, मोटार ठेवायची की माणूस? शेवटी मीच औरादच्या एका व्यापाऱ्याला सांगावा धाडला. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. त्यांना चक्की चालवायला इंजिन हवं होतं. म्हणजे मोटार तोडणार, हे मला ठाऊक होतं. ह्यांनाही कळलं. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं.

अप्पांचा गडी गुंडू बैलजोडी घेऊन आला. बघतो तर हँडल जागेवर नाही. सारं घर धुंडाळलं. हे भिंतीकडं तोंड करून पडलेले.

"अण्णा, हँडल कुठाय?" गुंडूनं विचारलं.

"मला कामून विचारायलास?" एवढंच बोलले.

"राहू द्या अक्का, नाय तर नाय," गुंडू म्हणाला. टाकीतही पेट्रोल नव्हतंच. त्यानं मोटारीला दोर बांधला आणि बैलांनी ओढत नेली, त्याच लाल चढाच्या वाटेनं. घंटा वाजत वाजत गेली. मी चुलीपुढं जाऊन बसले, म्हणजे ऐकू येऊ नये.

दुपार कलली असेल. हे एकदम म्हणाले, "अगं, चढ आला. उतर."

अंग तापलं होतं. म्हटलं, तापात बडबडायलेत. "गप पडा बघू."

"उतर की… दगड घे. मागचं दिसंना मला." दोन्ही हात वर, चाक धरल्यासारखे. डोळे उघडे, पण माझ्याकडं नाहीत.

मी रागावले, पाणी दिलं, हात खाली दाबले. काही केल्या ऐकेनात. छाती भात्यासारखी चाललेली. "ओरडत कामून न्हाईस?" असं इतक्या काकुळतीनं म्हणाले, की मला राहवलं नाही. म्हटलं, मन राखू, म्हणजे निजतील.

मी बाजेपाशी उभी राहिले आणि सुरू केलं, "या… या… सरळ या…"

हात फिरू लागले. मी "बाभळ" म्हटलं की डावीकडं, "ओघळ" म्हटलं की उजवीकडं. सारा चढ पाठ होता मला, एक खड्डा चुकवला नाही. ह्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि चेहरा… खोटं कशाला सांगू, कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं खूष बघितलं नव्हतं. मलाच रडू फुटलं. रडत रडत ओरडत होते, "या… या… आलंच…"

"दगड लाव," हे म्हणाले.

मी खाली वाकून बाजेच्या पायाशी नुसता हात टेकवला.

"बस आता. दमलीस."

मी बसले. त्यांचा हात हातात घेतला. निजले असं वाटलं. निजले नव्हते.

दिवस मावळायच्या आत गुंडू धावत आला. दारात माणसं बघून थबकला. मग हळूच मला म्हणाला, "अक्का, मोटार कुणी चढवली?"

एका बैलजोडीला लाल चढावर मोटार ओढवेना, म्हणून चाकाखाली लाल धोंडे लावून तो जवळच्या वस्तीवर दुसरी जोडी आणायला गेला होता. पायथ्याशी सोडली तेव्हा मोटारीचं नाक चढाकडं होतं. परत आला तर मोटार वर, माथ्यावर… पाठ वर, तोंड खाली. बोनेटला हात लावला तर चटका बसला. आणि पुढच्या चाकाखाली काळ्या पाट्याचा तुकडा.

ह्यांना उचललं तेव्हा उशीखाली हँडल सापडलं.

अप्पा दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "अक्का, ही मोटार मी तोडणार न्हाई." कुणीच तोडली नाही. ती तिथंच उभी राहून मातीला मिळाली. दगड तेवढा मी उचलून आणला. आता मी लातूरला पुतण्याकडं असते, तिथं दाराला लावलाय.

लोक म्हणतात, कुणीतरी ढकलली असेल. असेल बाबा! त्या चढावर दहा माणसांनीही ती हलवलेली मी बघितलेली नाही, पण असेल. मोटारीचं कोडं मी कधीच सोडून दिलं.

माझं कोडं वेगळंय. मी त्यांना जगवायला मोटार विकली, आणि मीच हाका मारून त्यांना चढ चढवला. मी गप्प बसले असते, तर ते खालीच राहिले असते का? चार वर्षं, दोन वर्षं… माझ्यापाशी?

 एवढंच कळतं की ते पुन्हा "ओरडत कामून न्हाईस?" म्हणाले असते, तर मी पुन्हा ओरडलेच असते.