वैशाखातला झरा

वैशाखाच्या उन्हात झऱ्याच्या धारेखाली एक टोपली ठेवलेली दिसली. आत कडू कंदाचे पातळ काप होते. रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवले की त्यांचा कडवटपणा जातो, हे खालच्या वाडीतल्या म्हातारीने मला आणि वसंताला शिकवलं होतं. रानात राहायचं, रान देईल ते खायचं, असं आम्हा दोघा मित्रांचं ठरलेलं. पावसाळ्यात पाणी कुठेही असतं, म्हणून जागा वैशाखात पारखायची. हा झरा पारखायचा, त्या वर्षी मी आजारी होतो. वसंता एकटाच पाहून आला आणि म्हणाला, "झरा आटलाय रे." मी त्याच्या शब्दावर हा डोंगर सोडला. तीन उन्हाळे मी एकटा दुसरं पाणी शोधत फिरलो.

माणूस रानात एकांतासाठी जातो म्हणतात. तो एकांत दोघांचाही असतो, असं मीच आपला धरून चाललो होतो.

कुडाच्या झोपडीतून वसंता बाहेर आला. मला पाहून थबकला, मग तांब्या भरून पुढे केला. पाणी गार होतं.

"बारमाही आहे," तो म्हणाला, नवख्या पाहुण्याला सांगावं तसं.