पांढरं म्हणजे रिकामं नव्हे

तुमच्या घरातल्या मेलेल्या माणसाला परक्याचा कोट चढवायची परवानगी तुम्ही कुणाला दिली होती? दिली नव्हती ना? मग चौकाचौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर सगळी म्हातारी माणसं एकाच निळ्या सुटात कशी उभी असतात?

ते कोट कुठून येतात, ते मी सोलापुरातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करताना रोज पाहायची. 'सूट' नावाचं एक फोल्डर असतं. त्यात डोकी नसलेले कोट, टायसकट. गिऱ्हाईक फोटो पाठवून काउंटरबाहेर उभं राहतं. आत मालकाचा हुकूम एकच: आधी पांढरं उडवा. बॅकग्राउंड पांढरी असली की एका क्लिकचं काम. मग मागे ढग टाका, कमळ टाका, नेते टाका.

एका दुपारी शहरातल्या जुळे सोलापूर भागात राहणारा एक कारकून आईला घेऊन आला. वडिलांचं वर्षश्राद्ध दुसऱ्या दिवशी होतं. वडील सांगोल्याकडचे, जन्मभर मेंढरांमागे फिरलेले. त्यांचा एकच धड फोटो होता: डोक्याला पांढरा पटका, अंगात पांढरा सदरा, मागे घराची चुन्याची भिंत.

मालकाने स्वतःच क्लिक केलं. भिंत गेली. तिच्याबरोबर पटका गेला, सदराही गेला. उरला एक काळा रापलेला चेहरा, आणि खाली छातीच्या जागी कॉम्प्युटरचे ते राखाडी चौकोन. इथे काहीच नाही, असा त्यांचा अर्थ. मालकाने जराही न थांबता चेहऱ्याखाली कोट सरकवला, डोक्यावर केस बसवले, चेहरा दोन छटा गोरा केला आणि स्क्रीन बाहेर वळवली.

"बघा साहेब, कलेक्टर दिसतायत की!"

मुलगा हसला. त्याला आवडलं होतं. त्याच्या ऑफिसातले लोक येणार होते.

आई मात्र पुढे झाली. काउंटरच्या काचेला नाक लावून बघत राहिली.

"ह्ये धड कुणाचं हाय?"

"आई, तसंच करतात आता."

"त्येंचा पटका कुटं गेला?"

"मावशी, पांढऱ्यात पांढरं गेलं," मालक म्हणाला. "मशीनला काय कळतंय?"

मशीनला कळत नाही, हे खरं. पण क्लिक करणाऱ्याला डोळे होते! या जिल्ह्यात पांढरा पटका, पांढरं धोतर घालणारी माणसं काय थोडी आहेत? एवढ्या माणसांना जे यंत्र रिकामी जागा समजतं, ते आपण कौतुकाने वापरतो आणि वर त्या माणसांनाच सांगतो की चूक तुमच्या कपड्यांची आहे. मी ज्या घरात वाढले, तिथे गादीखाली कामगारांच्या सभांची पत्रकं असायची. गप्प बसणं मला जमलं नाही. मी म्हणाले, मी हाताने कडा कापते, तासभर लागेल, पण पटका राहील.

"तासभर? एका फ्लेक्सला?" मालक भडकला. "लई तत्त्वं असतील तर पूनम गेटला जाऊन बस मोर्चात. हितं धंदा हाय."

तेवढ्यात आई म्हणाली, "पर भित काढताच कशाला? आमचीच हाय की. दरसाली मी चुना मारती तिला. त्ये तितंच बसायचे."

कापायचं कसं याच्यावर मी भांडत होते. कापायचं कशाला, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मूळ फोटो मी परत उघडला आणि खाली नाव टाकलं. ढग नाहीत, कमळ नाही. मुलगा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "वळखतील."

तोच छापला. मालकाने दुसऱ्या दिवसापासून मला येऊ नको सांगितलं. बरं झालं.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. फ्लेक्स करायला जाल तेव्हा काउंटरबाहेर थांबू नका. आत जा, खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसा, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय आपल्या माणसाच्या फोटोतलं काहीही कुणाला पुसू देऊ नका.