उघड्या दाराची चौकट

स्टुडिओत तिला सगळे चौकटताई म्हणत. खरं नाव रजेच्या अर्जावर निघे, तेवढंच. लहान मुलांच्या कार्टून मालिका तयार करणारा तो स्टुडिओ होता. प्रत्येक गोष्ट पडद्यावर येण्याआधी कागदावर मांडून ठेवायची, हे तिचं काम. ओळीने आखलेल्या चौकटी आणि प्रत्येकीत एक कच्चं चित्र. कोण कुठे उभं आहे, कुठून येतंय, कुणाकडे बघतंय, आणि बघणारे आपण नेमके कुठे उभे आहोत. पुढची सगळी मंडळी त्या कागदांवरून काम करत. चौकटीत काही राहिलं, तर ते पडद्यावर राहायचंच. त्यामुळे घरी निघालेली चौकटताई निम्म्या जिन्यावरून परत फिरून कागद पुन्हा चाळते, हे स्टुडिओच्या अंगवळणी पडलं होतं.

स्वभावच काळजीचा. गॅस बंद केला का, खिडकी लावली का, नवरा जेवला का. नवरा अगदी उलट. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तो मिस्त्री होता. उंच इमारतींतल्या लिफ्टच्या पोकळीत दिवसभर लोंबकळून संध्याकाळी शीळ घालत घरी यायचा. "तुझी माणसं चौकटीत अडकतात, माझी लिफ्टमध्ये," असं तो म्हणे. "तुझी बोंबलत नाहीत, एवढाच काय तो फरक."

एका दुपारी तिला फोन आला. पलीकडे कुणी अनोळखी बाई होती. हे गृहस्थ बसथांब्यावर कोसळलेत, यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सगळ्यात वर आहे, म्हणून लावला. चौकटताईच्या हातातली पेन्सिल कुठे पडली, तेही तिला कळलं नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. अगदीच गेलं असंही नाही. एक शब्द तेवढा उरला होता, 'उद्या'. पाणी हवं तर उद्या, उशी सरकली तर उद्या, डॉक्टरांनी नाव विचारलं तरी उद्या. मनात काहीतरी दुसरंच असायचं, तोंडातून हेच निघायचं, आणि ते स्वतःच्या कानांवर पडलं की त्याचा चेहरा रडवेला व्हायचा. एक नर्स भाबडेपणाने हसली, "काका सगळं उद्यावरच ढकलतात." चौकटताईला हसावं की रडावं कळेना.

शब्द नसल्याचं दुःख वेगळं आणि याची ही तगमग वेगळी, हे दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. शुद्धीत असेपर्यंत तो कशासाठी तरी धडपडत होता. डाव्या हाताने तिचा दंड धरायचा, खोलीच्या दाराकडे बोट दाखवायचा. मग स्वतःच्या दातांवर बोट आपटायचा, पुन्हा दार दाखवायचा. "उद्या! उद्या!" कपाळावरची शीर टरारून फुगायची.

तिची नणंद भावाच्या उशाशी ठाण मांडून होती. दात दाखवतोय म्हणून तिने दोनदा त्याचे दात घासून दिले. दुसऱ्या खेपेला त्याने ब्रश भिंतीवर भिरकावला.

"लहानपणापासून असाच हट्टी," नणंद डोळे पुसत म्हणाली. "अगं, त्याला घरी जायचंय. दुसरं काय असणार?"

"ताई, घराची ओढ अशी नसते. कसली तरी घाई झालीय त्यांना."

"घाई कसली? पडूनच तर राहायचंय."

तिसऱ्या दिवशी तपासणीला आलेले डॉक्टर म्हणाले, अशा आजारात माणूस चिडतो, फार झालं तर झोपेचं औषध देऊ. त्यांच्यामागून बोलण्याचे उपचार करणारी एक तरुण मुलगी आली. तिने त्याच्यापुढे चित्रांचा तक्ता धरला. पाणी, जेवण, संडास, दुखणं, झोप. त्याने तक्ता हाताने उडवून लावला. ती मुलगी मुळीच रागावली नाही.

"यांना सगळं दिसतंय, समजतंय," ती म्हणाली. "हवा तो शब्द सापडत नाही, बस. लिहिणंही त्यातच अडकलंय. मात्र हो-नाहीवर जाऊ नका. मान हो म्हणून हलली तरी आत नाही असू शकतं. चित्रं दाखवून बघा. यांना काय सांगायचंय ते या तक्त्यात नाही, एवढं दिसतंय."

चित्रं! चौकटताईने कपाळावर हात मारून घेतला. चौकटी छापलेल्या कागदांचा गठ्ठा पिशवीत तसाच होता, स्टुडिओतून निघताना घाईत कोंबलेला. पलंगाचं जेवणाचं फळकूट पुढे ओढून ती कामाला लागली.

पहिल्या चौकटीत घर काढलं. त्याने कागद सारला. गॅसची शेगडी, कपाट, किल्ल्या काढल्या. ते सगळं त्याने हाताच्या एका फटकाऱ्याने खाली ढकललं. मग तिने लिफ्ट काढली. त्याने फळकुटावर तळहात असा आपटला, की शेजारच्या पलंगावरचे आजोबा दचकून उठून बसले.

"लिफ्टच का? कामाचं काही आहे?"

"उद्या!" तिच्या मनगटावरची पकड घट्ट झाली.

तिने लिफ्टपुढे उभा असलेला मिस्त्री काढला, हातात हत्यारांची पेटी दिली. त्याने नुसती मान फिरवली. तिने वेगळ्या बाजूने तोच मिस्त्री काढला. पुन्हा तेच. स्टुडिओतला दिग्दर्शक नवीन मुलांना सुनावतो, तसं तिने स्वतःला सुनावलं. त्यांना बाहेरून काय बघतेस? स्वतःला काम करताना कुणी कधी बघितलंय? त्यांच्या डोळ्यांतून बघ. पुढच्या चौकटीत तिने माणूस काढलाच नाही. खालून वर आलेले दोन हात, एका हातात पक्कड, आणि समोर तारांनी भरलेली उघडी पेटी. अशी पेटी इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत असते, हे तिला त्याच्याच तोंडून माहीत होतं.

त्याने कागदाकडे पाहिलं आणि त्याचा श्वासच थांबला. मग डाव्या हाताने तिच्याकडची पेन्सिल ओढून घेऊन त्याने त्या पेटीत एक वाकडी रेघ मारली. इथून निघून तिथे टेकलेली कमान. तिच्यावर तो पेन्सिल गिरवत राहिला, कागद फाटेपर्यंत.

"हे काय? दोरी? पूल?"

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"पुरे झालं आता!" नणंद उठली. "हाल करतेस तू त्याचे. झोपू दे त्याला."

चौकटताई थबकली. ताईंचंच खरं असेल तर? आपल्याच या खटाटोपाने त्यांना पुन्हा काही झालं तर? पण तो कागद सोडत नव्हता. एकटी चौकट काहीच सांगत नाही, हे तिच्या धंद्याचं पहिलं शिक्षण. आधीची आणि नंतरची शेजारी आल्याशिवाय गोष्ट होत नाही. तिने नर्सकडून कात्री मागून आणली आणि चौकटी सुट्या कापल्या, म्हणजे तो एका हाताने त्या हव्या तशा लावू शकेल. मग कमानीनंतर काय काय होऊ शकतं, ते ती भराभर काढत गेली. लिफ्ट वर जाते. लिफ्ट खाली येते. दार बंद. दार उघडं, आत लिफ्ट. दार उघडं, आत माणसं.

बंद दाराची चौकट त्याने फेकून दिली. उघड्या दाराची उचलली आणि कमानीच्या शेजारी ठेवली. मग त्या चित्रातल्या लिफ्टवर बोट टेकवून ते कागदाच्या वरच्या कडेपर्यंत सरकवत नेलं, चौकटीच्या बाहेर. पुन्हा एकदा. आणि पुन्हा.

"दार उघडं," ती पुटपुटत होती, "आणि लिफ्ट वर निघून गेली... मग आत काय राहिलं?" तिने पेन्सिल आडवी धरली आणि उघड्या दाराच्या आतला भाग काळा करून टाकला. नुसता काळा. त्यापुढच्या चौकटीत उंबऱ्यावरून पुढे पडलेलं एक पाऊल काढलं, लहान मुलाच्या चपलेतलं.

त्याने डोळे मिटून घेतले आणि डोकं उशीवर टाकलं. चौकटताई फोन घेऊन उठली.

तिने व्हरांड्यात जाऊन त्याच्या साहेबांना फोन लावला. "वहिनी, शांत व्हा," साहेब म्हणाले. "त्या दिवशी सकाळचं काम त्याने चोख आटोपलं होतं, मी स्वतः जाऊन पाहिलंय. दुपारी वर्कशॉपला यायला निघाला आणि रस्त्यात हे असं झालं. मधे कुठलंही काम आम्ही दिलं नव्हतं."

दिलं नव्हतं, पण कुणी हाताला धरून नेलं असेल तर? जरा बघता का, म्हटलं की निघाला, ही त्याची रीत. पण कुठे? गावात लिफ्ट असलेल्या इमारती काय थोड्या! आणि या क्षणी त्यातल्याच एकीत कुणीतरी ते दार ओढत असेल.

ती परत आली आणि इमारती काढू लागली. उंच, बुटकी, गॅलऱ्यांची, काचांची. तो एकीकडेही धड बघेना. बोट पुन्हा दातांवर गेलं.

"पुन्हा दात!" नणंद वैतागली. "आता काय तिसऱ्यांदा घासू?"

चौकटताईची पेन्सिल मध्येच थांबली. बसथांब्यावर कोसळले. त्या थांब्यासमोर, बसमधून येता-जाता दिसणारी, ती तीन-चार मजली जुनी इमारत. तिच्यावर हा भला मोठा पांढरा दात रंगवलेला. "ताई!" ती किंचाळलीच. "दातांचा दवाखाना!" कागदावर इमारत आणि तिच्यावर तो दात उमटायच्या आतच त्याने तिला ढकललं. जा. दाराकडे. जा.

टॅक्सीत बसून तिने साहेबांना पुन्हा फोन केला. "वहिनी, आजारी माणसाच्या चित्रावरून मी दुसऱ्याची लिफ्ट बंद करायला सांगू?" साहेब कुरकुरले. "तुम्ही या तर खरे," ती म्हणाली. "खोटं ठरलं तर चारचौघांत मला वेडी म्हणा." तिचा आवाज इतका चिरकला, की टॅक्सीवाल्याने आरशातून मागे पाहिलं आणि न सांगता वेग वाढवला.

इमारतीची लिफ्ट चालू होती. तळमजल्यावर एक आई गाल सुजलेल्या मुलीला घेऊन लिफ्टची वाट बघत उभी होती. चौकटताई धावत जाऊन दोन्ही हात पसरून दारात आडवी उभी राहिली. "कुणी आत जायचं नाही!"

रखवालदार धावत आला. "अहो बाई, काय चाललंय? परवाच दुरुस्त करून घेतलीय."

"कुणाकडून?"

"रस्त्याने एक मिस्त्री चालले होते, ओळखीचे. म्हटलं, जरा बघता का? वर जाऊन खटपट केली त्यांनी. म्हणाले, एक भाग घेऊन येतो, तोवर चालू करू नका. अर्धा दिवस गेला तरी येईनात. डॉक्टर ओरडायला लागले, पेशंट जिने चढून दमतात. मी बटण दाबून पाहिलं तर चालतेय की! मग 'लिफ्ट बंद'ची पाटी काढून टाकली."

"ते मिस्त्री माझे यजमान. त्या दिवसापासून इस्पितळात पडलेत. आधी लिफ्टचं खालचं मेन बटण बंद करा. मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

रखवालदार घुटमळला. जिन्यावर थांबलेले लोक कुजबुजू लागले. चौकटताई हलली नाही. आपण चुकलो असलो तर नवऱ्याची नोकरी जाईल, जगात हसं होईल, हे सगळं मनात येऊन गेलं, तरी हात खाली आले नाहीत. शेवटी रखवालदाराने मेन बटण पाडलं.

साहेब आले, तोंड वाकडं करत वर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. आले ते घामाने भिजलेले. चिमटीत कमानीसारखा वाकलेला तारेचा वीतभर तुकडा होता. तिला आणि रखवालदाराला त्यांनी बाजूला घेतलं.

"दार नीट लागलं नाही तर लिफ्ट हलू नये, अशी सोय असते, वहिनी. तपासण्यापुरती त्याने ती या तारेने बाजूला काढली होती. परत येऊन काढायची होती. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दाराची खिट्टी झिजलीय. मी नुसतं ओढलं आणि दार उघडलं. समोर..." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "समोर काही नव्हतं."

दातांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावरच होता. या सगळ्या वेळात ते दार कुणी भलत्या क्षणी ओढलं नाही, याला नशिबाशिवाय दुसरं कारण नव्हतं. रखवालदाराने काढून ठेवलेली पाटी पुन्हा दारावर अडकवली. मघाची ती आई मुलीला कडेवर घेऊन जिना चढू लागली.

इस्पितळात परतल्यावर चौकटताईने दोन चौकटी काढल्या. एकीत तळहातावर तारेचा तुकडा, दुसरीत दारावर लावलेली मोठी फुली. त्याने त्या बराच वेळ न्याहाळल्या, तिचा हात छातीवर ओढून घेतला आणि झोपून गेला. तेव्हा कुठे नणंदेच्या जिवात जीव आला. चौकटताईच्या मात्र आला नाही. ती खाली पडलेल्या चौकटी एकेक करून गोळा करत राहिली.

पुढे त्याचं बोलणं हळूहळू, तुटक तुटक परत आलं. कंपनीने चौकशी केली. न सांगता काम केलं, तार ठेवून गेला, हे गंभीरच होतं. पण ते उघडकीला आलं त्याच्यामुळेच, हेही साहेबांनी मांडलं. त्याला वर्कशॉपमध्ये बसून करायचं काम मिळालं. पोकळीत उतरणं कायमचं बंद झालं.

घरी आल्यावर एकदाच ती त्याच्यावर कडाडली. "कशाला गेलात तुम्ही? कुणी सांगितलं होतं? एखादं लेकरू गेलं असतं म्हणजे?" तो मान खाली घालून शब्द शोधत राहिला. "जिना," तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळाने, "म्हातारी... जिना." त्या इमारतीत कुणी म्हातारी राहत होती की दातांच्या दवाखान्यात आली होती, हे तिने विचारलं नाही. राग गेला नव्हता, पण त्याच्या ताटात तिने आणखी एक पोळी वाढली.

स्टुडिओत परतल्यावर पहिलंच काम आलं ते सशाच्या गोष्टीचं. पळता पळता ससा विहिरीत पडतो आणि मुलं खळखळून हसतात. तिने विहीर काढली, काठ काढला, हवेत तरंगणारं सशाचं पाऊल काढलं, आणि पेन्सिल पुढे जाईना. ती उठली आणि दिग्दर्शकाकडे गेली. "हा ससा मला नाही पाडता येणार," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "मग विहिरीला झाकण घाल," तो म्हणाला. "त्यावर आपटला तरी मुलं हसतील."