कापून टाकलेली आई

बसस्टॉपवर माझ्या शेजारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी मोबाइलवर व्हिडिओ कापत बसली होती. व्हिडिओत तिची आजी होती. आजी बोलायच्या आधी जरा लाजून हसायची आणि मुलगी नेमकं तेवढंच काढून टाकायची.

मीही नववीत मीडिया विषय घेतला होता. बाई सांगायच्या, बोलण्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं कापून टाका. मी आईवर दोन मिनिटांची फिल्म केली. ओट्यापाशी उभी राहून आई दर वेळी पदर सारखा करायची, विचारायची, "सुरू झालं का गं?" आणि शेवटी, "बरं आलं ना? नाहीतर परत बोलते." शाळेच्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती, म्हणून ते तुकडे मी कायमचे पुसले. फिल्म सफाईदार झाली, असं बाई म्हणाल्या.

आता आई नाही. फिल्म आहे. तिच्यात आईसारखी दिसणारी कुणी पाठ केलेली वाक्यं न चुकता म्हणते.

"ते हसणं राहू दे ना," मी त्या मुलीला म्हटलं.

तिनं मला समजावलं, "काकू, पण तिथे आजी काहीच बोलत नाहीये."