मातीची टाच

कवळी बसवतात डॉक्टर, पण ती घडवणारं माणूस वेगळंच असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ही बाई त्या घडवणाऱ्यांपैकी. दुसऱ्या मजल्यावरच्या एका लॅबमध्ये, खिडकीपाशी, बावीस वर्षं ती लोकांचे दात मांडत बसली होती. समोर गॅसची लहानशी ज्योत, तिच्यावर तापवलेली सुरी, गुलाबी मेण आणि प्लास्टरचा जबडा. मेणात एकेक दात रोवायचा, मान मागे घेऊन पाहायचा, पटला नाही तर उपटून पुन्हा रोवायचा. हात इतका नेमका की लॅबमधले सगळे तिला ‘मिलिमीटर’ म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. दात केसभर तिरपा राहिला तर तिलाच जेवण गोड लागत नसे.

त्यामुळे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा तिला आधी चेष्टाच वाटली.

“मिलिमीटरबाई, कालची कवळी परत पाठवतेय. वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत.”

“माझ्या हातून? दुसऱ्या कुणाची असेल, बघा बरं.”

“डबीवर तुमचंच अक्षर आहे.”

कवळी अजून मेणातच, घालून पाहण्यापुरती होती, त्यामुळे नुकसान काही नव्हतं. तिने पाहिलं. खरंच, डावा दात उजव्यावर जरासा झुकला होता, शेजारणीच्या कानात काही सांगावं तसा. आपण असा कधी बसवला, हे तिला काही केल्या आठवेना. तिने सरळ करून दिला. आठ दिवसांनी दुसरी कवळी परत आली, तोच दोष घेऊन. मग तिसरी. ही एका निवृत्त मास्तरांची होती. ते म्हणे डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “राहू द्या हो, मी जरा खट्याळ दिसतोय.” लॅबमधले पोट धरून हसले. मिलिमीटरबाई मात्र ती कवळी रुमालात गुंडाळून घरी घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली फिरवून फिरवून पाहत बसली.

नवरा टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी करायचा. अर्धवट पत्त्यावरून घर ओळखण्यात त्याचा हातखंडा होता. तो पाणी प्यायला आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, “अगं, हे तर ताईंचं हसू.”

तिने कवळी पुन्हा रुमालात गुंडाळली. ते बरोबर होतं; ताईचे पुढचे दोन दात असेच एकमेकांवर चढलेले होते.

थोरली बहीण जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. भाजी निवडता निवडता बसल्या जागी गेली. ही तातडीने गेली, सगळं रीतसर केलं, आल्यागेल्याला चहा दिला, दाजींची औषधं वेळच्या वेळी दिली आणि पाचव्या दिवशी कामावर हजर झाली. रडू आलं नाही. लोक म्हणाले, मोठी धीराची बाई. तिला स्वतःला तो धीर वाटत नव्हता. आत काही हलतच नव्हतं, आणि ते बरं की वाईट हेही कळत नव्हतं.

त्याच्याही आधी सहा वर्षं दोघी बोलत नव्हत्या. त्यांची आई शेवटची दोन वर्षं हिच्याकडे अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं हीच करायची. ताई महिन्यातून एकदा यायची. आई गेल्यावर आठवड्याभरात ताई याच स्वयंपाकघरात म्हणाली होती, “तू आईचं सगळं केलंस गं, पण हातांनी केलंस. मनाने नाही.” हिची दातखिळी बसली. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि पुढे सहा वर्षं सुचलं नाही. ते खरंच असेल तर, या शंकेने तिला सगळ्यात जास्त पोखरलं होतं. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की बहिणीबहिणींचं काहीतरी बिनसलंय.

झोप उडाली, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सोबत एक चिठ्ठी. “इस्पितळात तळमजल्यावर दर गुरुवारी आर्ट थेरपीचा वर्ग असतो. जाऊन तर बघा.”

“मला चित्रं येत नाहीत.”

“म्हणूनच जा,” डॉक्टर म्हणाले. हे ‘म्हणूनच’ तिच्या डोक्यावरून गेलं.

खोली व्यायामोपचार विभागाच्या मागे होती. लांबट टेबल, जुन्या बरण्यांत ब्रश, भिंतीला ओल. वर्ग घेणाऱ्या मॅडम आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या. शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा बसलेले. जन्मभर एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवून निवृत्त झालेले, आणि बायको गेल्यापासून इथे येणारे. ते कागदभर नुसता पिवळा रंग फासत होते.

मॅडम म्हणाल्या, “काहीही काढा.”

“काहीही म्हणजे नेमकं काय?”

“हाताला येईल ते.”

तिने पर्समधून स्टीलची पट्टी काढली आणि कागदावर चौकटी आखल्या. प्रत्येक चौकट अगदी सारखी. आजोबांनी डोकावून पाहिलं. “वा. आता यात काय भरणार?”

“काही नाही.”

“मग माझ्यापेक्षा बऱ्या तुम्ही. मला दर वेळी पिवळा संपण्याची चिंता.”

दुसऱ्या गुरुवारी मॅडमनी डोळे मिटून डाव्या हाताने रेघा काढायला सांगितल्या. डोळे उघडल्यावर कागदावर कोंबडीने पाय ओढल्यासारखं काहीतरी झालेलं. तिला स्वतःचाच राग आला. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, “काय शिकवलं आज?”

“काहीच शिकवत नाहीत. वाईट काढलं तरी काही म्हणत नाहीत. त्याने काय बरं व्हायचं?”

“मग जाऊ नकोस.”

“जाणार आहे,” ती म्हणाली. का, ते मात्र तिला सांगता येईना.

पाचव्या गुरुवारी टेबलावर मातीचे गोळे होते. माती पाहून तिला जरा हायसं वाटलं, मेणाची सवय असलेला हात. पट्टी तिने काढलीच नाही. आजोबा सांगत होते, की लिफ्टमध्ये लोक नेहमी छताकडेच का पाहतात. ती हं हं करत ऐकत होती आणि बोटं आपली चालली होती. अर्ध्या तासाने आजोबा बोलता बोलता थांबले. “हा पाय कुणाचा?”

तिने खाली पाहिलं. हातात एक टाच होती. टाच आणि अर्धं पाऊल. करंगळी शेजारच्या बोटाखाली दडलेली. टाचेला तीन भेगा, मधली सगळ्यात खोल, तिथे तेल थांबायचं नाही म्हणून हिला दोनदा लावावं लागायचं. घोट्याजवळ खोलगट वण, लहानपणी विळीवर पडल्याचा. आईचा पाय. कुणी विचारलं असतं तर यातलं निम्मंही तिला सांगता आलं नसतं.

ती बघत राहिली. मग तिने मूठ वळली आणि त्या पायावर मारली. एकदा, दोनदा. आजोबांनी आपला कागद गुपचूप बाजूला घेतला. माती चपटी झाली आणि मग तिला रडू आलं. हुंदके देऊन, नाक गळत, मातीचे हात तोंडाला लावून. मॅडम शेजारी येऊन बसल्या. पाठीवर हात ठेवला नाही, पाण्याचा पेला मात्र ठेवला.

ती पाणी प्याली. ताईचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच तोंडातून बाहेर आलं.

“मॅडम, याचा अर्थ काय? माझं मन होतं की नव्हतं?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला कळत असतं तर तुम्हाला विचारलं असतं का?”

मॅडम किंचित हसल्या. “मलाही माहीत नाही. पण इतका राग आहे, हे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही. मला वाटत होतं, मला काहीच होत नाहीये.”

एवढंच झालं. त्या रडण्याने जादू झाली असं कुणी समजू नये. पुढचे दोन आठवडे तिचं डोकं उलट जास्तच भणभणलं. चिडायची, मध्येच गप्प व्हायची. तिसऱ्या आठवड्यात एकदा पडल्या पडल्या झोप लागली. लॅबमध्ये कवळ्या परत येणं थांबलं. नेमकं कोणत्या दिवशी थांबलं, हे तिच्याही लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. गोळ्यांनी बरं वाटलं, मातीने, की नुसते दिवस गेले म्हणून, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, “तिघांनाही श्रेय द्या.”

मग एके दुपारी तिने भाचीला फोन केला. भाची दुसऱ्या गावी नोकरीला होती. इकडचं तिकडचं झालं आणि हिने मनाचा हिय्या करून विचारलं, “तुझी आई माझ्यावर का रागावली होती, कधी बोलली का गं?”

“आई कुठे रागावली होती? तूच रागावली होतीस ना, मावशी?”

“मी?”

“शिवणाच्या मशीनवरून. आजीचं मशीन आईने परस्पर मला दिलं, तुला विचारलं नाही. आई म्हणायची, त्यावरून तिने माझ्याशी बोलणं सोडलं, आता मी कोणत्या तोंडाने फोन करू.”

तिला क्षणभर कुठलं मशीन तेच आठवेना. ते कुठे गेलं याचा तिने कधी विचारसुद्धा केला नव्हता. मग तिने ते वाक्य भाचीला सांगितलं, हातांचं आणि मनाचं.

“बोलली असेल. नसेलही. आई दमली की काहीही बोलायची. मला तर रोज म्हणायची, तुला मेंदूच नाही. पण हे तिच्या लक्षात असेल असं मला नाही वाटत.”

नवरा कामावरून आला तेव्हा ती तशीच बसलेली. तिने त्याला सगळं सांगितलं, या वेळी अगदी पहिल्यापासून. त्याने बूट काढता काढता ऐकून घेतलं.

“म्हणजे भांडणं दोन होती,” तो म्हणाला, “आणि दोघी एकेकट्याच भांडत होतात.”

“हसू का रडू?”

“आधी चहा ठेव. मग ठरव.”

तिने चहा ठेवला. ठरलं मात्र काहीच नाही. ताईवरचा राग निम्मा उतरला होता, पण उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते समजत नव्हतं, आणि एका मशीनपायी ताई सहा वर्षं अपराधी होऊन बसली होती, हे नवीनच दुःख पदरात पडलं होतं. बरी झाले म्हणावं तर हे असं. नाही म्हणावं, तर भूक लागत होती, झोप लागत होती, आणि भाची रविवारी मुक्कामाला येणार म्हणून तिने चादरीही धुवायला काढल्या होत्या.

गुरुवारी तिने सगळ्यात मोठा कागद मागून घेतला. तासभर रंगवला. निळ्यात तपकिरी मिसळलं, मध्ये काहीतरी तांबडं आलं. आजोबांनी चष्मा वर केला.

“हे काय आहे?”

“मला तरी कुठे माहीत?”

“उलटा तर धरला नाहीत कागद?”

तिने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सरळ केला, मान मागे घेऊन थोडा वेळ न्याहाळला.

“दोन्हीकडून तसाच दिसतोय,” ती म्हणाली आणि ब्रश धुवायला उठली.