बन्नीच्या दिवशीचं आभाळ

भाद्रपद सरला की आमच्या धारवाडच्या हवेचं डोकं फिरतं. सकाळी धुकं, शाल घ्यावीशी वाटते. दुपारी ऊन असं की कपाळ तडकावं. तीनच्या सुमारास अळणावरच्या बाजूनं आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि घरभर धूळ होते. पाऊस येणार म्हणून दोरीवरचे कपडे काढले तर तो येत नाही. असू देत म्हटलं तर हमखास येतो. या दिवसांत मला कुणी साधं "काय चाललंय?" विचारलं तरी त्याच्या अंगावर जावंसं वाटतं.

त्या दसऱ्याला तर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, माझा जीव खाल्ला. इकडं दसऱ्याला संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला एकमेकांच्या घरी जातात. लहानानं मोठ्याच्या घरी जायचं, पानं हातावर ठेवायची, सोन्यासारखं राहू म्हणायचं आणि पाया पडायचं. वर्षभराची भांडणं त्या दिवशी मिटतात. काका अप्पांचा धाकटा भाऊ, त्यांना अण्णा म्हणतो. अळणावरला शेती बघतो. दर दसऱ्याला पहिली बन्नी त्याचीच यायची.

पण आदल्या वर्षी दसरा झाल्यावर दोघांचं वाजलं होतं. अप्पा शेतावर गेले होते. खळ्यावर मका वाळत पडला होता. काका ताडपत्री घालू म्हणत होता. अप्पांनी मोबाईलवर हवामान बघितलं आणि म्हणाले, काही पाऊस येत नाही, मक्याला वारा लागू दे. रात्री धो धो कोसळला. मक्याला कोंब आले. पुढं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. अप्पा घरी येऊन एवढंच म्हणाले, "त्याला बोलायची पद्धत नाही." त्यानंतर वर्षभर ना फोन, ना येणं-जाणं.

तर त्या दिवशी अप्पा चारपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. खुर्चीत बसायचे, उठायचे, गेटपर्यंत जायचे. आभाळ गडगडत होतं, पाऊस मात्र पडत नव्हता. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता.

"काय बघताय?" मी विचारलं.

"आभाळ बघतोय."

"आभाळ काय गेटातूनच दिसतं?"

पुन्हा खुर्ची, पुन्हा गेट. गल्लीतले लोक बन्नी देऊन गेले, त्यांच्याशीही धड बोलले नाहीत. सहा वाजून गेले तेव्हा मला राहवेना.

"चला, गाडी काढते. आपणच जाऊ अळणावरला."

"मोठा मी आहे. मी कसा जाऊ?"

इथंच तर घोडं पेंड खात होतं. "मग बसा आभाळ बघत," म्हणून मी आत गेले. मला राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. थोड्या वेळानं बघते तर अप्पा रुमालात बन्नीची पानं बांधून गाडीपाशी उभे.

वाटेत सारखी काच वर करायचे, खाली करायचे. अळणावर जवळ आलं तसा पाऊस सुरू झाला.

काकू दारातच होती. आम्हाला बघून तिनं आत हाक मारली, "अहो, भावजी आलेत." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "सकाळपासून नवा शर्ट घालून बसलेत. जेवलेसुद्धा नाहीत नीट."

काका बाहेर आला आणि आधी पायाच पडला. अप्पांना एकदम भरून आलं आणि त्यांना भरून आलं की ते रागावतात.

"एवढा तयार होऊन बसलास, मग यायला काय झालं होतं? चारपासून गेटात उभा आहे मी."

काका गोंधळला.

"अण्णा, तूच म्हणाला होतास ना, मी बोलावल्याशिवाय माझ्या दारात पाय ठेवायचा नाही म्हणून. तू बोलावलंच नाहीस."

"मी? मी कधी म्हणालो?"

"त्या मक्यावरनं. खळ्यावर."

"अरे, रागात माणूस काहीही बोलतो."

"रागात म्हणालास, खरं आहे," काका म्हणाला. "पण तू आजवर सांगितलेलं मी कधी मोडलंय का?"

अप्पांनी रुमाल सोडायला घेतला. गाठ त्यांना सुटेना, म्हणून ती काकानंच सोडली.